मागचा ब्रेक : नट आवळण्याच्या पलीकडे

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. नव्या चकाचक गाड्या सोडून द्या. ज्या गाड्या बाबांनी किंवा काकांनी दहा-पंधरा वर्षं वापरून मग आपल्याला 'कॉलेजला जायला' दिल्या, त्यांच्याकडे बघा. त्यात हमखास एखादी जुनी स्प्लेंडर सापडेल. तिच्या मागच्या चाकाजवळ उजव्या बाजूला वाका. पेडलकडून आलेली एक लोखंडी दांडी दिसेल, तिच्या टोकाला आटे आणि त्यावर एक नट. आता त्या नटच्या मागे किती आटे बाहेर आलेत ते बघा. नव्या गाडीत तिथे थोडेसेच आटे दिसतात. जुन्या गाडीत कधीकधी बोटभर दांडी बाहेर आलेली असते. त्या बोटभर दांडीत त्या गाडीच्या ब्रेकचा सगळा इतिहास असतो.

ब्रेक लूज वाटला की आपण काय करतो? खाली बसतो, नट चार फेरे आवळतो, पेडल दाबून बघतो, 'लागला' म्हणतो आणि निघतो. गॅरेजवाला सुद्धा गर्दीच्या वेळी तेवढंच करतो. गंमत अशी की नट आवळल्यावर पेडल खरंच वर येतं, ब्रेक खरंच लागतो आणि आपलं समाधान होतं. पण आतलं लायनिंग मात्र कालच्याइतकंच झिजलेलं असतं. म्हणजे तापाची गोळी घ्यायची आणि थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून खूश व्हायचं, त्यातला प्रकार.

हा लेख त्या नटच्या पलीकडे काय असतं आणि लायनर घरच्या घरी कसे बदलायचे याबद्दल आहे. उदाहरण म्हणून जुनी हिरो होंडा स्प्लेंडरच घेतली आहे. 1994 साली ही गाडी आली तेव्हापासून मागे ड्रम ब्रेकच आहे, आणि आमच्या घरची गाडीही तीच. हिरो आणि होंडा वेगळे होऊन आता बरीच वर्षं झाली, पण टाकीवर 'हिरो होंडा' लिहिलेल्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत. पॅशन, सीडी डॉन किंवा त्या काळातली दुसरी कुठलीही शंभर सीसीची गाडी असेल तरी नव्वद टक्के गोष्टी त्याच.

आधी थोडी थिअरी (पेपरमध्ये येते तेवढी नाही!)

थिअरी ऑफ मशीन्समध्ये 'ब्रेक्स अँड डायनॅमोमीटर्स' हे चॅप्टर आपण सगळेच करतो. इंटर्नल एक्स्पांडिंग शू ब्रेकची आकृती काढतो, मोमेंट घेतो, उत्तर न्यूटनमध्ये लिहितो आणि पुढच्या गणिताला लागतो. तो ब्रेक खाली पार्किंगमध्ये उभा आहे हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्याची आतली गोल भिंत म्हणजे ड्रम. ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या तोंडावर झाकणासारखी बसलेली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट फिरत नाही. तिला मॅन्युअलमध्ये ब्रेक पॅनेल म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं 'प्लेट'. त्या प्लेटवर दोन अर्धगोल शू समोरासमोर असतात. एका टोकाला दोघे एका पिनवर टेकलेले, दुसऱ्या टोकाला दोघांच्या मधे एक कॅम, आणि दोघांना आत ओढून धरणाऱ्या दोन स्प्रिंग. आपण पेडल दाबलं की दांडी ओढली जाते, दांडी बाहेरच्या आर्मला फिरवते, आर्म कॅमला फिरवतो. कॅम आडवा असताना बारीक असतो, फिरला की जाड होतो. शूची टोकं फाकतात आणि लायनिंग ड्रमला घासतं. बस्स, इतकंच.

यातला एक शू 'लीडिंग' आणि दुसरा 'ट्रेलिंग'. हा फरक मला पुस्तकातून कधी नीट कळला नव्हता, कळला तो फळ्यावर. खडू तिरपा धरून टोकाच्या दिशेने पुढे ढकलला तर तो फळ्यात रुततो आणि कर्रर्र करतो. तोच खडू मागे ओढला तर गुमान सरकतो. हात म्हणजे पिन आणि खडूचं टोक म्हणजे शूचं कॅमकडचं टोक. ज्या शूवर ड्रम कॅमकडून पिनकडे घासत जातो तो शू स्वतःच ड्रममध्ये रुतायला बघतो, म्हणजे घर्षणच आपल्याला मदत करतं. दुसऱ्या शूला घर्षण ड्रमपासून दूर ढकलतं. म्हणून दोन्ही शू एकाच कंपनीचे, एकाच जाडीचे, जोडीनेच बदलायचे. 'एकच खराब झालाय, एकच टाकू' हा हिशोब इथे चालत नाही.

एक छोटं गणित करू. गाडी आणि दोन माणसं मिळून 240 किलो धरा, वेग ताशी 50 किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे 13.9 मीटर. कायनेटिक एनर्जी आली साधारण 23,000 जूल. एवढ्या उष्णतेने 100 मिली पाणी 25 अंशांवरून 80 अंशांपर्यंत जाईल. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवताना एक कटिंग चहा गरम होईल एवढी उष्णता दोन्ही ड्रम मिळून गिळतात. घाटात उतरताना ड्रमला हात लावला तर चटका का बसतो ते कळलं असेल. (लावू नका.)

हे पण सांगायला हवं की जोरात थांबताना खरं काम पुढचा ब्रेक करतो. व्हीलबेस सव्वा मीटर आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून 65 सेंटीमीटर धरला, तर 0.5 जी इतक्या ब्रेकिंगला एकूण वजनाच्या सुमारे पाव भाग मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातो. मागचं चाक हलकं होतं आणि लवकर लॉक होतं. 'पुढचा ब्रेक मारला तर गाडी उलटते' असं सांगून ज्यांनी आपल्याला गाडी शिकवली त्यांचा आदर राखून म्हणते, फक्त मागच्या ब्रेकवर गाडी चालवणं चुकीचं आहे. पण म्हणून मागचा ब्रेक बिनकामाचा होत नाही. खडी पसरलेला रस्ता, पावसातला चिखल, मागे बसलेला दणकट रूममेट, हळू वेगातली ट्रॅफिक, या सगळीकडे तोच भरवशाचा. शिवाय 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, त्यात मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. आपल्या जुन्या गाडीत ती सोय नाही. तिथे दोन्ही ब्रेक आपापले स्वतंत्र, आणि दोन्हीची जबाबदारी आपली.

नट खोटं बोलतो, बाण नाही

आता मूळ मुद्दा. लायनिंग झिजतं तसा शूला ड्रमपर्यंत जास्त अंतर जावं लागतं, म्हणजे कॅमला जास्त फिरावं लागतं. नट आवळून आपण फक्त एवढंच करतो की कॅम आधीच थोडा फिरलेल्या अवस्थेत उभा राहतो. पेडलला काही कळत नाही, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही.

पण आत दोन गोष्टी बिघडत जातात. पहिली, आर्म आणि दांडी यांच्यातला कोन. ब्रेक लागतेवेळी हा कोन काटकोनाच्या जवळ असेल तर आपला सगळा जोर कॅम फिरवण्यात जातो. आर्म फार पुढे गेला की त्याच पायाच्या जोराला टॉर्क कमी मिळतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. कॅम जसजसा पूर्ण उभा होत जातो तसतसा शूचा दाब कॅमच्या बरोबर मध्यातून जायला लागतो. मग स्प्रिंगने कितीही ओढलं तरी कॅमला परत फिरवणारा मोमेंटच उरत नाही. पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो. चालत्या गाडीत हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

हे होऊ नये म्हणून गाडी बनवणाऱ्याने एक सोपी सोय केलेली आहे आणि ती वर्षानुवर्षं धुळीखाली झाकलेली असते. आर्मच्या बुडाशी, कॅमच्या शाफ्टवर एक छोटी पत्र्याची चकती असते, तिला बाणासारखं टोक. प्लेटवर एक खूण. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि फडक्याने पुसून बघा. बाण खुणेच्या अलीकडे असेल तर लायनिंग शिल्लक आहे. बाण खुणेला टेकला की लायनर बदलायचे, नट आवळायचा नाही. बाण कॅमच्या शाफ्टलाच बसवलेला असल्यामुळे नट कितीही फिरवा, त्याला फसवता येत नाही.

नट संपला की काही ठिकाणी आणखी एक युक्ती करतात. आर्म काढून शाफ्टवर एक दात मागे सरकवून परत बसवतात. लगेच नटला परत भरपूर आटे मिळतात आणि गिऱ्हाईक खूश. सेकंडहँड गाडी घेताना हे जरूर तपासा. आर्मवर आणि शाफ्टच्या टोकावर प्रत्येकी एक ठिपका ठोकलेला असतो. दोन्ही ठिपके समोरासमोर नसतील तर कोणीतरी हा उद्योग करून ठेवलाय असं समजा.

बाकी लक्षणं म्हणजे ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, धक्के देत थांबणं, ब्रेक मारून पाय काढल्यावर चाक जड फिरणं. हे शेवटचं लक्षण पावसाळ्यानंतर फार दिसतं. त्यात लायनिंगचा दोष नसतो, पाणी जाऊन कॅमचा शाफ्ट गंजलेला असतो. नवीन लायनर टाकूनही 'ब्रेक तसाच जड' अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा शाफ्टला कोणी हातच लावलेला नसतो.

खरेदी आणि तयारी

लायनर म्हणजे शूची जोडी, स्प्रिंगसकट मिळाली तर उत्तम, कारण जुन्या स्प्रिंग तापून तापून ढिल्या झालेल्या असतात. दुकानात नुसतं 'स्प्लेंडरचे लायनर द्या' म्हणू नका. वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्ये मापं वेगळी असू शकतात आणि दिसायला सगळे सारखेच. वर्ष आणि मॉडेल सांगा, शक्य झालं तर जुना शू सोबत न्या. पार्ट अधिकृत काउंटरवरूनच घ्या आणि बिल घ्या. पूर्ण ब्रेकमध्ये हा तसा स्वस्त भाग आहे, त्यात काटकसर करून आपण कोणाचे पैसे वाचवतो?

एक नवीन स्प्लिट पिन लागेल, उष्णता सहन करणारं थोडं ग्रीस, मध्यम पॉलिश पेपर, साबणाचं पाणी, जुने फडके, मास्क. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी. टॉर्क रेंच घरी कोणाकडे नसतो, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असतो आणि नीट विचारलं तर तिथले सर वापरू देतात. मॅन्युअलमधला आकडा बघून अ‍ॅक्सलचा नट त्यानेच आवळावा हे माझं मत.

गाडी डबल स्टँडवर सपाट, टणक जागेवर उभी करा. मातीत नको, स्टँड खचतो. लगेच चालवून आणलेली गाडी असेल तर सायलेन्सर गार होऊ द्या, कारण उजव्या बाजूला त्याच्या शेजारीच काम आहे. आणि खोलण्याआधी मोबाईलने दोन-तीन फोटो काढून ठेवा. कुठली चकती कुठे होती हे रात्री आठ वाजता आठवत नाही.

खोलताना

आधी दांडीचा नट पूर्ण काढून दांडी आर्ममधून सोडवायची. दांडीवरची स्प्रिंग आणि आर्ममधली गोल पिन लगेच परत दांडीवरच चढवून नट लावून ठेवा, नाहीतर हरवणारच. मग टॉर्क आर्म. प्लेटपासून पुढे चिमट्यापर्यंत (म्हणजे स्विंग आर्म, पण गॅरेजमध्ये सगळे चिमटाच म्हणतात) गेलेली चपटी पट्टी ती. तिच्या प्लेटकडच्या बोल्टची स्प्लिट पिन सरळ करून काढा आणि फेकून द्या, परत वापरायची नाही. नट-बोल्ट काढा.

आता अ‍ॅक्सलचा नट. इथे एक गोष्ट समजून घेतली तर अर्धं काम वाचतं. स्प्लेंडरमध्ये चेनच्या बाजूला दोन नट दिसतात, एक अ‍ॅक्सलचा आणि त्याच्या आत मोठा स्लीव्ह नट. स्लीव्ह नटने चेनचं चक्र चिमट्यालाच धरून ठेवलेलं असतं. त्याला हात लावायचा नाही. तो तसाच ठेवला तर चेन, तिचा ताण, चेन कव्हर सगळं जागच्या जागी राहतं आणि फक्त चाक बाहेर येतं. फक्त अ‍ॅक्सलचा नट काढा, अ‍ॅक्सल हळूच ठोकत बाहेर ओढा. ठोकताना थेट आट्यांवर हातोडी मारू नका, मधे लाकडाचा तुकडा धरा. अ‍ॅक्सल निघाला की उजवीकडचा बुश खाली पडेल, तो उचलून ठेवा. चाक उजवीकडे सरकवलं की चक्रातून सुटतं. त्या जागी हबमध्ये रबराचे तुकडे दिसतील. गिअर टाकताना बसणारा धक्का ते खातात. तुटले असतील तर याच वेळी बदला.

प्लेट हातानेच हबमधून बाहेर येते. आणि आत काळी बारीक भुकटी.

इथे थांबा. ही भुकटी तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या पाइपने उडवायची नाही, कोरड्या ब्रशने झटकायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात. त्यातून कॅन्सर होतो हे आता वादातीत आहे, फक्त तो व्हायला कित्येक वर्षं लागतात म्हणून आज कोणाला काही वाटत नाही. गॅरेजमध्ये रोज दहा ड्रम फुंकून साफ करणारी पोरं आपल्याच वयाची असतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने फडका ओला करून भुकटी टिपून घ्या, तो फडका पिशवीत बांधून टाका. कपडे वेगळे धुवा.

आता बघण्याचं काम. लायनिंगची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. या वर्गातल्या गाड्यांत नवीन लायनिंग साधारण 4 मिमी असतं आणि 2 मिमीला आलं की बदलायचं. ड्रमची आतली भिंत बोटाने चाचपून बघा. हलक्या रेषा चालतात. नख अडकेल एवढे चर पडले असतील किंवा कडेला उंच काठ तयार झाला असेल तर ड्रमचा व्यास मोजावा लागेल. बऱ्याच हबवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेलाच असतो. त्यापुढे गेला असेल तर हब बदलणे हाच उपाय, आणि हे काम घरी होणारं नाही, कारण स्पोक सोडवून चाक परत बांधावं लागतं. तिथे आपला उत्साह आवरून चाक घेऊन सरळ दुकानात जावं.

लायनिंगवर तेल किंवा ग्रीस चढलेलं दिसलं तर ते पॉलिश पेपरने घासून जात नाही, ते आत मुरलेलं असतं. फेकायचं. आणि ते ग्रीस आलं कुठून तेही शोधायचं, बहुधा बेअरिंगचं सील गेलेलं असतं. ते न बघता नवीन लायनर टाकले तर महिन्याभरात तेही तसेच.

कॅम

बहुतेक लोक जे करत नाहीत ते हेच, म्हणून थोडं सविस्तर. जुने शू काढायला दोन्ही शू धरून पुस्तक मिटल्यासारखे वर उचला, स्प्रिंग ढिल्या होतात आणि जोडी सुटून येते. मग बाहेरून आर्मचा बोल्ट काढा. काढण्याआधी ठिपके जुळताहेत का ते बघून ठेवा. आर्म, बाणाची चकती आणि फेल्टची रिंग निघाली की कॅम आतल्या बाजूने बाहेर येतो. गंजलेला असेल तर सहज येणार नाही. थोडं गंज सोडवणारं तेल घालून, इकडेतिकडे फिरवत काढा. पॉलिश पेपरने शाफ्ट चकचकीत करा, प्लेटमधलं भोकही साफ करा. शाफ्टला ग्रीसचा पातळ थर, कॅमच्या दोन सपाट बाजूंना आणि पिनला अगदी बोट पुसल्याइतकं. ग्रीस जास्त झालं की तापल्यावर वितळून लायनिंगवर जातं, आणि मग आपणच नवीन लायनरची वाट लावतो. फेल्टची रिंग तेलात भिजवून बसवा, पाणी अडवण्याचं काम तिचं. बाणाची चकती शाफ्टवर एकाच जागी बसते, तिथे एक दात रुंद असतो. आर्म मात्र चुकीच्या दातावरही बसतो, म्हणून ठिपक्याला ठिपका. बसवून हाताने फिरवा. बोटाच्या जोराने फिरायला हवा.

परत बसवताना

दोन्ही नवीन शूंना स्प्रिंग आधीच अडकवून घ्या, दोन्ही शू इंग्रजी 'व्ही'सारखे उभे धरा, टोकं कॅमवर आणि पिनवर टेकवा आणि दोन्हीकडून खाली दाबा. खट्ट करून सपाट बसतात. स्प्रिंग पक्कडने ताणत बसण्यापेक्षा ही पद्धत सोपी आहे आणि बोटंही शाबूत राहतात. लायनिंगला ग्रीसचा हात लागू देऊ नका. दोन्ही टोकांच्या कडा पॉलिश पेपरने थोड्या तिरप्या केल्या तर सुरुवातीचं कुंईकुंई कमी होतं. ड्रमवरही पेपर हलकासा फिरवा आणि पुसून घ्या.

प्लेट हबमध्ये, चाक चिमट्यात, रबरं चक्राच्या दातांत, उजवीकडे बुश, मग अ‍ॅक्सल. अ‍ॅक्सलचा नट फक्त हाताने लावा. टॉर्क आर्म जोडा, दांडी जोडा. आता पेडल जोरात दाबून धरायला कोणाला तरी सांगा आणि ते दाबलेलं असतानाच अ‍ॅक्सलचा नट आवळा. यामुळे शू ड्रममध्ये बरोबर मधोमध बसतात. हे न केल्यामुळे नवीन लायनर एकाच बाजूने घासत राहतात.

टॉर्क आर्मबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण वाचून विसरू नये. ब्रेक लागतो तेव्हा ड्रम शूला आणि शू प्लेटला आपल्याबरोबर फिरवायला बघतात. न्यूटनचा तिसरा नियम, नववीचा. प्लेटला फिरू न देणारी एकच गोष्ट आहे, ही पट्टी. टायरवर 500 न्यूटन ब्रेकिंग फोर्स आणि चाकाची त्रिज्या 0.3 मीटर धरा, म्हणजे टॉर्क झाला 150 न्यूटन-मीटर. पट्टीचा बोल्ट अ‍ॅक्सलपासून 10 सेंटीमीटरवर धरला तर त्यावर येतात 1500 न्यूटन, जवळजवळ दीडशे किलोचं वजन. एका बोल्टवर, प्रत्येक ब्रेकला. तो बोल्ट लावायचा राहिला किंवा स्प्लिट पिन नसल्यामुळे नट गळून पडला, तर पुढच्या ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, फिरताना दांडी स्वतःच ओढते, दांडी ओढली की ब्रेक आणखी घट्ट लागतो, आणि चाक जागच्या जागी लॉक. गाडी स्टँडवर असताना यातलं काहीही जाणवत नाही. ब्रेक दाबला की छान लागल्यासारखाच वाटतो. म्हणून नवीन स्प्लिट पिन घाला, तिचे दोन्ही पाय उलट दिशेला वाकवा, आणि मदतीला असलेल्या मित्राला तुमच्याकडे न बघता स्वतः हात लावून तपासायला सांगा.

शेवटी दांडीचा नट. पेडल वरून किती खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होते ते पट्टीने मोजा. 20 ते 30 मिमी हवं. त्यापेक्षा कमी ठेवलं तर मागे कोणी बसल्यावर, चिमटा वर-खाली होताना, ब्रेक आपोआप घासतो. चाक हाताने फिरवून ते मोकळं फिरतंय याची खात्री करा. नटच्या खोबणीत आर्मची गोल पिन बरोबर बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच दाबाला सेटिंग बदलतं. आणि मागचा लाल दिवा! पेडलची उंची बदलली की ब्रेक लाइटचा स्विचही पुढे-मागे करावा लागतो. ब्रेक लागायच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. हे सगळेच विसरतात आणि मग मागून येणाऱ्याला आपण थांबतोय हे कळत नाही.

लगेच गेटबाहेर जायचं नाही. आधी गाडी हाताने ढकलून ब्रेक दाबा, मग कँपसच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी 10-15 किमीने. पहिले काही ब्रेक मऊ वाटतील, कारण नवीन लायनिंगचा पूर्ण पृष्ठभाग अजून ड्रमला लागलेला नसतो. एकदम जोरात मारून ते 'बसवायचा' प्रयत्न केला तर वरचा थर जळून काचेसारखा गुळगुळीत होतो. शंभर-दीडशे किलोमीटर सबुरीने चालवा, पुढच्या ब्रेकची सवय करा, घाट टाळा. तेवढं झालं की पेडलचा खेळ परत एकदा पट्टीने मोजायचा. तो थोडा वाढलेला असेल. तेव्हा मात्र नट खुशाल आवळा.